बिगाऱ्याचा गवंडी करताना: साइटवरील वीटकाम प्रशिक्षणाचे सहा आठवडे

दोन-तीन वर्षे घमेली उचलणाऱ्या मुलाला एके दिवशी मुकादम सांगतो, "उद्यापासून तू थापी धर," आणि त्याचे प्रशिक्षण तेथेच सुरू होऊन तेथेच संपते. पुढचा महिनाभर तो गवंड्याच्या शेजारी उभा राहून दिसेल त्या सांध्यात माल (सिमेंट-वाळूचे ओले मिश्रण) कोंबतो, त्याने लावलेल्या विटा गवंडी त्याच्या पाठीमागे काढून पुन्हा लावतो, आणि शेवटी कंत्राटदार म्हणतो की हल्लीच्या पोरांना काम शिकायचेच नसते. माझ्या पाहण्यातले असे बहुतेक प्रयत्न मुलांच्या आळसामुळे फसलेले नाहीत. ते क्रम चुकल्यामुळे फसले आहेत. माप शिकण्याआधी थापी हातात आली आणि सरावाची भिंत वगळून थेट खरी भिंत समोर आली, की पुढे काहीही केले तरी ते सावरत नाही.

हा लेख लहान व मध्यम कंत्राटदार, साइट इंजिनियर आणि सुपरवायझर यांच्यासाठी आहे. त्यात एकच काम घेतले आहे: भट्टीच्या विटांची नऊ इंची भिंत. प्लास्टर, फरशी आणि एएसी ब्लॉक (सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे) ही तिन्ही कामे याच सहा आठवड्यांत उरकण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. एका वेळी एकच काम पक्के होते.

## टप्पा १: योग्य मार्ग आणि योग्य माणूस निवडणे

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील पूर्वकौशल्य प्रमाणन, ज्याला सगळे आरपीएल म्हणतात, ते काम आधीपासून येणाऱ्या माणसासाठी आहे. त्यात थोडी उजळणी होते आणि मग त्याच्या अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. ज्याने अजून ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते पाहण्याचे दोरी-वजनाचे साधन) धरलेला नाही, त्याला तेथे पाठवून काही साधत नाही. याउलट आयटीआयमधील मेसन हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आठवी उत्तीर्ण मुलाला खुला आहे, परंतु घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाला वर्षभर रोजगार सोडून वर्गात बसणे बहुधा परवडत नाही. साइटवरील प्रशिक्षण या दोहोंच्या मधल्या माणसासाठी आहे: जो कामावर आहे, मजुरी सोडू शकत नाही आणि शिकायला तयार आहे.

एका तुकडीत आठांपेक्षा जास्त जण घेऊ नयेत, कारण एक मिस्त्री एका वेळी चार भिंतींवरच लक्ष ठेवू शकतो आणि प्रत्येक भिंतीवर दोघे काम करतात. निवडताना किमान सहा महिने बिगारकाम केलेले, वय १८ पूर्ण झालेले आणि पुढील दोन महिने गावी न जाणारे कामगार घ्यावेत. शेवटची अट क्षुल्लक वाटते, पण पेरणी, सुगी, लग्नसराई आणि ऊसतोडीचा हंगाम यांचा विचार न करता तुकडी सुरू केली, तर तिसऱ्या आठवड्यात आठांपैकी तिघेच उरतात.

स्त्री कामगारांना या यादीतून न बोलता वगळण्याची पद्धत आपल्या साइटवर रुळलेली आहे. माल कालवणे, विटा भिजवणे आणि मालाचा घट्टपणा ओळखणे या गोष्टी त्या वर्षानुवर्षे करत असतात, म्हणजे अर्धे शिक्षण त्यांच्याजवळ आधीच असते. झारखंडात शौचालये बांधण्यासाठी तयार झालेल्या ‘रानी मिस्त्रीं’नी हे काम मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आहे. मूल सोबत असेल तर त्याला कोण सांभाळणार, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवावे. वाळूच्या ढिगावर बसलेल्या मुलाकडे एक डोळा ठेवून कोणालाही ओळंबा वाचता येत नाही.

तपासणी: निवडलेल्या प्रत्येकाला टेप देऊन एखाद्या दरवाजाची रुंदी मोजायला सांगा. चुकला तरी त्याला काढू नका. तिसऱ्या टप्प्यात त्याच्यासाठी किती वेळ ठेवावा लागेल, एवढेच यातून समजून घ्या.

## टप्पा २: मजुरीचा हिशेब, जागा आणि साहित्य

बहुतेक प्रशिक्षणे विटेवर नव्हे, तर मजुरीवर अडतात. शिकाऊ कामगाराची हजेरी बिगाऱ्याच्या हजेरीपेक्षा कमी करू नये, कारण तसे केले की तो चौथ्या दिवशी शेजारच्या साइटवर दिसतो. शिकवणाऱ्या मिस्त्रीचा प्रश्न त्याहून नाजूक असतो. तो अंगावर काम घेणारा असेल, म्हणजे त्याला ब्रासच्या (झालेल्या कामाच्या मापाच्या) हिशेबाने पैसे मिळत असतील, तर शिकवण्यात घालवलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो आणि तो साहजिकच मुलाला बाजूला सारून स्वतः भराभर विटा लावू लागतो. म्हणून या सहा आठवड्यांसाठी मिस्त्रीला रोजाने घ्यावे, त्याचा रोज त्याच्या नेहमीच्या कमाईइतका ठेवावा आणि ‘आज किती काम झाले’ हा प्रश्न त्याला विचारू नये. उचल घेतलेली असेल, तर या काळात तिची कपात किती होईल हेही आधीच बोलून घ्यावे.

शिकवणारा सर्वांत वेगवान गवंडी नसावा. ज्याच्या भिंतीला प्लास्टर करताना माल कमी लागतो, तो निवडावा. असा माणूस कोण, हे प्लास्टरवाल्यांना विचारले तर ते अचूक सांगतात.

जागा पक्क्या सपाटीची आणि सावलीची हवी. पार्किंगचा मोकळा स्लॅब उत्तम. सरावाची भिंत दीड मीटर लांब, नऊ इंची आणि दहा थरांची असते. गवंडी थराला रद्दा म्हणतात. एका थरात साधारण बारा-तेरा विटा बसतात, म्हणजे एका भिंतीला सुमारे सव्वाशे आणि चार भिंतींना पाचशे. तुटफूट धरून सहाशे विटा बाजूला काढून ठेवाव्यात आणि त्याच सहा आठवडे वापराव्यात.

प्रत्येक जोडीला एक थापी, ओळंबा, गुण्या (काटकोन तपासायला), पाणसळ (समतल पाहायला), टेप, दोरी, दोन खिळे, घमेले, विटा फोडायचा हातोडा आणि एक जाड वही द्यावी. हेल्मेट, पायात बूट आणि रबरी हातमोजे यांत तडजोड नको. ओल्या सिमेंटने बोटांची कातडी सोलवटते आणि ती जखम आठवडाभर थापी धरू देत नाही.

इशारा: विटेची लांबी ही तिच्या रुंदीच्या दुप्पट अधिक एक सांधा एवढी नसेल, तर नऊ इंची भिंतीतील सांधमोड (सांध्यावर सांधा न येऊ देणारी मांडणी) कधीच नीट जुळत नाही आणि शिकणाऱ्याला वाटते की चूक आपली आहे. वीस विटा लांबीत सलग मांडून मोजा, मग त्याच वीस विटा रुंदीत मांडून मोजा, आणि फार वेड्यावाकड्या निघालेल्या विटा प्रशिक्षणातून काढून टाका.

## टप्पा ३: माप, सूत आणि समतल (पहिला आठवडा)

या आठवड्यात थापीला हात लावायचा नाही. हे सांगितले की मिस्त्री आणि मुले दोघेही नाराज होतात, होऊ द्यावे. रोज सकाळचे दोन तास शिकवणे आणि उरलेला दिवस नेहमीचे बिगारकाम, असा क्रम ठेवावा.

पहिली अडचण भाषेची आहे. नकाशात मिलिमीटर असतात, साइट इंजिनियर सेंटिमीटरमध्ये बोलतो आणि गवंडी इंच व सुतात विचार करतो. एका इंचात आठ सूत असतात, म्हणजे एक सूत सुमारे ३ मिलिमीटरचे. विटांमधील सांधा १० मिलिमीटरचा हवा याचा अर्थ तो तीन सुतांपेक्षा किंचित जास्त हवा, आणि भिंत तीन मीटर उंचीत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त कलू नये याचा अर्थ तिला दोन सुतांचीच मुभा आहे. मुलांना दोन्ही मापे यायला हवीत. सूत न शिकवणारा इंजिनियर आणि मिलिमीटर न शिकवणारा मिस्त्री हे दोघेही मुलाला अर्धवट ठेवतात. तुकडीत मराठवाड्याची, कलबुर्गीची आणि बिहारची मुले एकत्र असतील, तर शब्दांवर फार भिस्त ठेवू नये. भिंतीवर एक, दोन, तीन सुतांच्या रेघा जाड पेन्सिलीने ओढून ठेवाव्यात आणि बोट दाखवून बोलावे.

त्यानंतर प्रत्येक साधन स्वतः खरे आहे की नाही हे तपासायला शिकवावे. ही पायरी जवळजवळ सर्वत्र गाळली जाते.

१. पाणसळ: ती फळीवर ठेवून बुडबुडा कोठे आहे ते पाहावे, मग तिची टोके उलटसुलट करून त्याच जागी ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच जागी आला नाही, तर ती पाणसळ बाद समजावी.

२. गुण्या: सरळ कडेला लावून एक रेघ ओढावी, गुण्या पलटावा आणि त्याच बिंदूतून पुन्हा रेघ ओढावी. दोन रेघा एकमेकींवर पडल्या पाहिजेत.

३. मोठा काटकोन: कोपऱ्यापासून एका बाजूला ६० आणि दुसऱ्या बाजूला ८० सेंटिमीटरवर खूण करावी. दोन खुणांमधले अंतर बरोबर १०० सेंटिमीटर भरले, तर कोपरा काटकोनात आहे.

४. ओळंबा: त्याच्या दोरीत ओवलेल्या गट्टूची रुंदी आणि लोंबत्या वजनाचा व्यास सारखा हवा. गट्टू भिंतीला टेकवला असता वजन भिंतीला दाबून बसू नये आणि तिच्यापासून दूरही राहू नये. एखादा कागद सरकेल एवढीच फट दिसावी.

५. पाण्याची नळी: समतल दूर नेण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरतात. नळीत हवेचा एकही बुडबुडा नको.

नळीच्या बाबतीत एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. जालन्याकडचा एक हुशार मुलगा सगळे नीट करत असूनही त्याची खूण प्रत्येक वेळी कधी वर, कधी खाली पडत होती. मिस्त्रीने नळी बदलली, पाणी बदलले, तरी फरक पडेना. शेवटी दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या त्याच्या जोडीदाराकडे लक्ष गेले: पाणी सांडू नये म्हणून तो नळीच्या तोंडावर अंगठा दाबून उभा होता. एक तोंड बंद असेल तर पाणी आपली पातळी गाठतच नाही. तेव्हापासून मी वाचन घेताना दोघांनाही ‘अंगठा सोड’ असे मोठ्याने म्हणायला लावतो. ऐकायला पोरकट वाटते, पण चूक पुन्हा झालेली नाही.

तपासणी: आठवड्याच्या शेवटी प्रत्येक जोडीने स्लॅबवर ३ मीटर × २ मीटरच्या खोलीची आखणी करून दाखवावी. दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांच्यातील फरक दोन सुतांपेक्षा जास्त असेल, तर ती जोडी पुढील टप्प्यात जात नाही.

## टप्पा ४: माल ओळखणे (दुसऱ्या आठवड्याचे पहिले तीन दिवस)

बिगाऱ्याने हजारो घमेली माल कालवलेला असतो, त्यामुळे हा भाग त्याला येतो असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात त्याला मुकादमाच्या अंदाजाने माल कालवता येतो, प्रमाणात नाही.

सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याचे आकारमान सुमारे ३५ लिटर असते. म्हणून आतून ३५ × २५ × ४० सेंटिमीटर मापाची लाकडी किंवा पत्र्याची पेटी करून घ्यावी. तीत बरोबर ३५ लिटर मावते. नऊ इंची भिंतीसाठी १:६ चा माल म्हणजे एक पोते सिमेंट आणि सहा पेट्या वाळू. घमेल्याने वाळू मोजायची सवय येथेच तोडावी, कारण भरलेले घमेले आणि शीग लावलेले घमेले यांत बराच फरक पडतो.

त्यापुढचा धडा वाळूच्या फुगाऱ्याचा. ओलसर वाळू कोरड्या वाळूपेक्षा जास्त जागा व्यापते, आणि हे मुलांना सांगून पटत नाही, दाखवावे लागते. सरळ बाजूंच्या डब्यात ओलसर वाळू न दाबता २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावी, ती काढून डबा अर्धा पाण्याने भरावा, वाळू परत टाकावी आणि ढवळून स्थिर होऊ द्यावी. समजा उंची १६ सेंटिमीटर राहिली, तर ४ सेंटिमीटर वाळू ही वाळू नव्हतीच. १६ वर ४ म्हणजे २५ टक्के फुगारा. अशा वेळी सहा पेट्यांऐवजी साडेसात पेट्या घ्याव्या लागतात. पावसाळ्यात हा हिशेब न करणाऱ्या साइटवर १:६ च्या नावाने १:५ पेक्षाही जड माल जातो. सिमेंट वाया जाते ते वेगळेच, शिवाय जास्त सिमेंटचा माल सुकताना अधिक आकसतो आणि सांध्यांत बारीक भेगा पडतात.

गाळाची परीक्षा त्याच दिवशी घ्यावी. बाटलीत वाळू आणि चिमूटभर मीठ टाकलेले पाणी भरून, जोरात हलवून तीन तास ठेवावी. वर बसलेला गाळाचा थर खालच्या वाळूच्या ८ टक्क्यांहून जास्त दिसला, तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) असेल तर दगडाची पूड जास्त आहे का, हे याच बाटलीत दिसते.

माल आधी कोरडाच, सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत फिरवावा आणि मग पाणी घालावे. पाणी पडल्यापासून अर्ध्या तासात तो भिंतीत गेला पाहिजे, म्हणून शिकाऊ जोडीला एका वेळी दोन घमेल्यांपेक्षा जास्त माल कालवू देऊ नये.

इशारा: घट्ट होऊ लागलेल्या मालावर पाणी मारून तो पुन्हा मऊ करणे ही सर्वांत रुळलेली चूक आहे. असा माल मेलेला असतो; तो दिसतो मऊ, पण पकड धरत नाही. तो फेकून द्यावा, आणि फेकलेल्या मालाबद्दल मुलाला बोल लावू नये. बोल लावला, की पुढच्या वेळी तो गुपचूप पाणी मारतो.

## टप्पा ५: कोरडी मांडणी (दुसऱ्या आठवड्याचे उरलेले दिवस)

आता विटा हातात येतात, पण मालाशिवाय. नऊ इंची भिंतीत एका थरात विटा लांबीत, दोन ओळींनी, आणि त्यावरच्या थरात जाडीच्या दिशेने आरपार ठेवल्या जातात. वरच्या थरातील उभा सांधा खालच्या थरातील सांध्यावर कोठेही येऊ नये, याला सांधमोड म्हणतात. ती साधण्यासाठी आरपार थरात कोपऱ्यातील विटेलगत उभा चिरलेला विटेचा अर्धा भाग, म्हणजे क्लोजर, बसवावा लागतो.

प्रत्येक जोडीने सरळ भिंत, काटकोनी कोपरा आणि टीच्या आकाराचा जोड, अशा तीन मांडण्या चार-चार थरांपर्यंत कोरड्या करून दाखवाव्यात. सांध्याच्या जागी १० मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी धरावी. क्लोजर कोपऱ्याच्या अगदी टोकाला ठेवणे, ही येथे हमखास होणारी चूक आहे. तो तुकडा टोकाला सुटा राहतो आणि पुढे निखळतो. टोकाला नेहमी पूर्ण वीट, तिच्या शेजारी क्लोजर.

वीट फोडणे याच टप्प्यात शिकवावे. चारही बाजूंनी हातोड्याच्या धारेने रेघ पाडून मग एक घाव घातला, तर वीट रेघेवर तुटते. एकाच बाजूने घाव घातला तर तिचे तीन तुकडे होतात. डोळ्यांना चष्मा लावलाच पाहिजे.

## टप्पा ६: मातीच्या मालातील भिंती (तिसरा आठवडा)

या टप्प्यासाठी मला सर्वांत जास्त भांडावे लागते, आणि हाच वगळला तर उरलेले सगळे फुकट जाते. चाळलेली लाल माती आणि थोडी वाळू भिजवून केलेल्या मालात मुलांनी रोज एक भिंत बांधायची, मोजायची आणि पाडायची. विटा धुऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येतात, खर्च मजुरीचाच. काळी माती वापरू नये, ती थापीला आणि विटेला इतकी चिकटते की हात बिघडतो.

जी भिंत पाडायची हे ठाऊक असते, तिच्यातील चूक मुलगा लपवत नाही. खऱ्या भिंतीवर शिकणारा मुलगा मात्र पहिल्या दिवसापासून चुकीवर माल फासायला शिकतो.

विटा लावण्याचा क्रम असा ठेवावा:

१. पहिला थर आखलेल्या रेषेवर कोरडा मांडून पाहावा आणि सांधे सारखे वाटून घ्यावेत.

२. दोन्ही टोके आधी तीन-चार थरांपर्यंत उभारावीत. त्यांची उंची, ओळंबा आणि काटकोन तपासल्याशिवाय मधली भिंत सुरू करू नये.

३. दोन टोकांमध्ये दोरी ताणावी. वीट दोरीला चिकटू नये. अर्ध्या सुताची फट ठेवावी, नाहीतर प्रत्येक वीट दोरीला थोडी ढकलते आणि भिंतीला पोट येते.

४. विटेखाली माल पसरावा, विटेच्या टोकालाही माल लावावा, वीट खाच वरच्या बाजूस ठेवून दाबून बसवावी आणि थापीच्या दांड्याने हलके ठोकावे.

५. बाहेर आलेला माल थापीने कापून घ्यावा आणि लगेच पुढील विटेच्या टोकाला वापरावा.

६. दर तीन थरांनी ओळंबा आणि पाणसळ लावावी.

उभ्या सांध्यात माल न भरता विटा एकमेकींना टेकवून ठेवणे आणि नंतर बाहेरून माल फासून सांधा भरल्यासारखा दाखवणे, ही खोड मोडायला पूर्ण आठवडा लागतो. पावसाळ्यात ज्या भिंती आतून ओल धरतात, त्यांतील अनेक याच पोकळ सांध्यांतून धरतात.

तपासणी: मिस्त्रीने दिवसातून तीन-चार वेळा, न सांगता, नुकतीच लावलेली एखादी वीट उचलावी. तिचा तळ आणि टोक या दोन्हींवर माल सर्वत्र चिकटलेला दिसला पाहिजे. मध्ये कोरडा डाग दिसला, तर तो संपूर्ण थर काढायचा.

मोजमाप नेहमी आधी मुलाने करावे आणि वहीत लिहावे: तारीख, ओळंब्यातील फरक किती सूत, समतलातील फरक किती, सर्वांत जाड व सर्वांत बारीक सांधा किती. त्यानंतर मिस्त्रीने मोजून त्याच ओळीत आपले आकडे लिहावेत. पहिल्या दिवशी दोघांच्या आकड्यांत चांगलाच फरक असतो. भिंत सुधारण्याच्या आधी हा फरक कमी व्हायला लागतो, आणि माझ्या अनुभवात मुलगा शिकू लागल्याची पहिली खूण तीच असते.

इशारा: सरावाची भिंत ढकलून पाडू नये. गंमत म्हणून असे केल्याने पाय चेचल्याच्या घटना होतात. वरून एकेक थर काढत खाली यावे.

## टप्पा ७: खरी भिंत (चौथा आणि पाचवा आठवडा)

पहिली खरी कामे अशी निवडावीत की ज्यांची उंची खांद्याच्या वर जात नाही: चेंबर, बागेचे वाफे, कंपाउंडची बुटकी भिंत, ओट्याखालचे पाये. परांचीवर या दोन आठवड्यांत चढू देऊ नये. परांचीवर तोल सांभाळणारा मुलगा ओळंब्याकडे पाहत नाही, आणि ओळंब्याकडे पाहणारा तोल सांभाळत नाही. दोन्ही एकाच वेळी जमायला हात आधी बसावा लागतो.

सिमेंटच्या मालात काही गोष्टी नव्याने येतात. विटा बुडबुडे येणे थांबेपर्यंत भिजवाव्यात, नाहीतर कोरडी वीट मालातील पाणी शोषून घेते. पण लावताना त्या निथळलेल्या हव्यात, पाणी गळत असेल तर वीट मालावर घसरते. एका दिवसात भिंत दीड मीटरपेक्षा उंच नेऊ नये, कारण खालचा ओला सांधा वरच्या वजनाने दबतो आणि संध्याकाळी ओळंब्यात असलेली भिंत सकाळी नसते. काम अर्धवट सोडताना टोक पायऱ्यांसारखे उतरते ठेवावे. ज्या भिंतीला प्लास्टर करायचे आहे तिचे सांधे माल ओला असतानाच किमान १० मिलिमीटर खोल खरवडून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी छिन्नीने खरवडले तर विटाच हलतात.

पाणी मारण्याची जबाबदारी त्याच जोडीवर सोपवावी. किमान सात दिवस, दिवसातून तीन वेळा, रविवारसुद्धा. भिंत कोणाची, हे तिच्यावर खडूने जोडीचा क्रमांक आणि तारीख लिहून स्पष्ट करावे. माझ्या अनुभवात पाणी मारायचे राहिलेल्या भिंती बहुतेक अशाच होत्या, ज्यांच्यावर कोणाचाच क्रमांक नव्हता.

वेगाबद्दल एवढेच सांगतो. सरावलेला गवंडी एका बिगाऱ्यासह दिवसाला पाचशे-सहाशे विटा लावतो. शिकाऊ कामगाराकडून पाचव्या आठवड्याच्या शेवटी दोनशेची अपेक्षा पुरेशी आहे, आणि ओळंबा चुकलेल्या दोनशेंपेक्षा बरोबर बसलेल्या दीडशे विटा जास्त मोलाच्या आहेत. जोड्यांमध्ये विटांच्या संख्येची शर्यत लावणाऱ्या सुपरवायझरला या काळात दुसऱ्या मजल्यावर पाठवावे.

## टप्पा ८: परीक्षा, कागदपत्रे आणि मस्टर (सहावा आठवडा)

परीक्षा एकट्याने द्यायची. काटकोनी कोपरा असलेली, दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची, दहा थरांची भिंत, आखणीपासून सांधे खरवडण्यापर्यंत, एका दिवसात. शिकवणाऱ्या मिस्त्रीने परीक्षा घेऊ नये. दुसऱ्या मिस्त्रीने किंवा इंजिनियरने घ्यावी. ओळंब्यातील फरक एक सुताच्या आत, काटकोन ६०-८०-१०० ला जुळणारा, आणि उचलून पाहिलेल्या तीनही विटांना माल पूर्ण लागलेला, एवढ्या तीन अटी पुरतात. नापास झालेल्याला मातीच्या मालाकडे आठवडाभर परत पाठवावे. हे अपमानास्पद वाटू नये म्हणून पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवलेले बरे.

त्याच आठवड्यात कागदपत्रे पूर्ण करावीत. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी वय १८ ते ६० दरम्यान असावे लागते आणि मागील वर्षात ९० दिवस किंवा अधिक बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला देणे कंत्राटदाराच्या हातात असते, आणि तो देण्याची टाळाटाळ हीच या नोंदणीतील सर्वांत मोठी अडचण आहे. मुलांची आधार कार्डावरील नावे आणि बँकेच्या पासबुकावरील नावे अक्षरशः जुळतात का, हे अर्ज भरण्याआधी पाहावे. एका काना-मात्रेच्या फरकानेही अर्ज अडकून पडतो. पूर्वकौशल्य प्रमाणनाकडे मुलाला आत्ता नव्हे, तर आणखी काही महिने थापी चालवल्यानंतर पाठवावे, आणि जाताना त्याची मोजमापांची वही सोबत द्यावी.

राहिले मस्टर, म्हणजे हजेरीपट. परीक्षा उत्तीर्ण झालेल्याचे नाव दुसऱ्याच दिवसापासून बिगाऱ्यांच्या यादीतून काढून अर्धकुशल कामगारांत लिहावे आणि हजेरीचा दर त्याप्रमाणे बदलावा. ‘पुढच्या महिन्यापासून बघू’ असे सांगितलेल्या मुलांपैकी किती जण पुढच्या महिन्यात साइटवर होते, हे ज्याने त्याने आपल्या जुन्या मस्टरमध्ये पाहून घ्यावे. तीन महिन्यांनी त्याच परीक्षेची भिंत पुन्हा बांधायला लावावी, तोही दिवस आजच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा, आणि तोपर्यंत त्याच्या हाती प्लास्टरचा रंधा देऊ नये.